पत्र आणि पत

नाशिकरोडला कडक पहाऱ्यात उभा असलेला एक मोठा छापखाना आहे. त्याचे नाव इंडिया सिक्युरिटी प्रेस. आपल्या देशाची टपाल तिकिटे एके काळी लंडनमध्ये छापली जात आणि जहाजाने इकडे येत. १९२५ च्या सुमारास हा छापखाना उभा राहिला आणि तिकिटे नाशिकला छापली जाऊ लागली. देश स्वतंत्र झाल्यावर २१ नोव्हेंबर १९४७ रोजी जे पहिले तिकीट निघाले, तेही याच छापखान्यातून बाहेर पडले. त्यावर तिरंगा ध्वज होता आणि 'जय हिंद' ही दोन शब्दांची जोडी होती. त्याची किंमत साडेतीन आणे होती आणि ते परदेशी जाणाऱ्या पत्रांसाठी काढलेले होते. पत्र लिहिणारा माणूस घरीच राहावयाचा. पण पाकिटाच्या कोपऱ्यावर बसून त्याच्या देशाचे नाव मात्र परक्याच्या दारापर्यंत जावयाचे.

आज त्याच नाशिक जिल्ह्यातून रोज हजारो पत्रे परदेशी जातात आणि त्यांना तिकीट लागत नाही, पाकीट लागत नाही, पोस्टमनही लागत नाही. त्यांना ई-मेल म्हणतात. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत या भागातील द्राक्षांच्या पेट्या समुद्रापार जाण्याआधी त्यांच्याविषयीची पत्रे कितीतरी वेळा समुद्रापार जाऊन येतात.

हा व्यापार कसा चालतो, हे थोडे समजून घेतले पाहिजे. डिसेंबर संपता संपता बागेत घड तयार होऊ लागतात आणि एप्रिलपर्यंत काढणी चालते. काढलेले घड पॅकहाऊसमध्ये येतात. तेथे बायका कात्रीने एकेक नासका मणी काढून घड स्वच्छ करतात, पेट्या भरतात, मग माल थंड करून कंटेनरमध्ये चढवितात. एका कंटेनरमध्ये सुमारे बारा-तेरा टन द्राक्षे मावतात. हा कंटेनर न्हावाशेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातून जहाजावर चढतो आणि कित्येक दिवसांनी हॉलंडमधील रॉटरडॅमला पोहोचतो. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले, तेव्हा अनेक जहाजांना आफ्रिकेला वळसा घालून जावे लागले आणि प्रवास आणखी लांबला.

आता यातील नवल असे की, पिंपळगावचा बागायतदार आणि रॉटरडॅमचा व्यापारी यांची पुष्कळदा भेटच झालेली नसते. गावच्या बाजारात गिऱ्हाईक विकणाऱ्याचे तोंड पाहते, मणी चाखते, भाव पाडून मागते. रॉटरडॅमच्या व्यापाऱ्यासमोर यांपैकी काहीच नसते. द्राक्षे अजून समुद्रात असतात. बागायतदाराचा स्वच्छ पांढरा सदरा त्याला दिसत नाही, की नम्र बोलणे ऐकू येत नाही. त्याच्यासमोर असते ते केवळ पत्र. ते पत्र नीटनेटके असेल, तर तो म्हणतो, या माणसाच्या पेट्याही नीट भरलेल्या असतील. पत्रात तारीख चुकली असेल, तर त्याला शंका येते की पेटीचे वजनही चुकले असेल. हा न्याय दर वेळी बरोबर ठरतो असे नाही. पण दूर बसलेल्या माणसापाशी न्याय करावयास दुसरे साधनच नसते.

आपल्या पूर्वजांना ही गोष्ट चांगली ठाऊक होती. मराठी पत्रांचे मायने पाहा. वडील माणसास 'तीर्थरूप', धाकट्यास 'चिरंजीव', परक्या सभ्य गृहस्थास 'राजमान्य राजश्री'. पदाने मोठा असेल त्यास 'विज्ञापना', बरोबरीच्यास 'विनंती'. पत्राचा पहिला शब्द वाचताच लिहिणारा कोण, वाचणारा कोण आणि दोघांमध्ये अंतर किती, हे उमगत असे. शिवछत्रपतींच्या पत्रांवर आरंभी राजमुद्रा आणि अखेरीस मर्यादामुद्रा उमटविलेली असे. मर्यादामुद्रेच्या खाली कोणी एखादी ओळ वाढविली, तर ती मूळ पत्रातली नव्हे, हे ताबडतोब ओळखू येई. खुद्द नाशिकजवळ गंगापूर येथे नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई उत्तर आयुष्यात राहत होत्या. तेथून त्यांनी पुण्यास आपला लहान नातू सवाई माधवराव याला रोजच्या वागणुकीविषयी उपदेशाचे पत्र लिहिले. आजी गंगापुरी आणि नातू पुण्यात. त्या वडीलधारेपणाचे सारे वजन एका कागदाने वाहून नेले.

ई-मेल ही त्या मानाने अगदी अलीकडची गोष्ट आहे. १९७१ साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन नावाच्या अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पहिला असा निरोप पाठविला. दोन्ही संगणक एकाच खोलीत शेजारी शेजारी होते! त्या निरोपात काय लिहिले होते, हे पुढे त्याला स्वतःलाही आठवेना. माणसाचे नाव आणि त्याच्या संगणकाचे नाव यांच्यामध्ये त्याने एक चिन्ह घातले. इंग्रजी 'ए' या अक्षराभोवती शेपटी गुंडाळलेली असावी, असे ते दिसते. आपण त्यास 'ॲट' म्हणतो. हॉलंडची माणसे त्याला 'माकडाची शेपटी' म्हणतात. आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ पासून सामान्य नागरिकांना इंटरनेट मिळू लागले आणि पुढे काही वर्षांत नाशिकच्या व्यापाऱ्याच्या टेबलावरही ही शेपटी येऊन बसली.

पिंपळगावच्या अशाच एखाद्या पॅकहाऊसचे कार्यालय डोळ्यांसमोर आणा. फेब्रुवारीचा आरंभ आहे. मंगळवारी रात्री अवकाळी पाऊस झाला आणि बागेच्या दोन प्लॉटवरील मणी तडकले. सात तारखेला दोन कंटेनर निघावयाचे होते. आता एकच भरेल. बागायतदार डोक्याला हात लावून बसला आहे. त्याची थोरली मुलगी पदवी घेऊन नुकतीच घरच्या व्यवसायात आली आहे. ती संगणकापुढे बसते.

"नाना, आजच कळवू या का?"

"कशाला घाई करतेस? पुढे बघू. एक कंटेनर गेला म्हणजे मग सांगू दुसऱ्याचं."

"पण नाना, त्यांनीही पुढे दुकानांना शब्द दिला असेल ना? तुम्हीच म्हणता, व्यापाऱ्याला माल कमी चालतो, पण ऐन वेळी नाही म्हटलेलं चालत नाही."

नाना काही बोलत नाहीत. तिने घाईघाईने जो पहिला मजकूर लिहिला, तो असा होता. विषयाच्या जागी 'अर्जंट' आणि त्यापुढे तीन उद्गारचिन्हे. खाली, "हॅलो सर, इथे फार पाऊस झाला. थोडी अडचण आहे. माल बहुधा कमी होईल. नंतर सांगते." बस्स, एवढेच.

या मजकुरात खोटे काही नाही. पण रॉटरडॅमच्या माणसाने तो वाचून करावे काय? किती माल कमी? कोणत्या तारखेचा? 'बहुधा' म्हणजे होय की नाही? आणि 'नंतर' म्हणजे केव्हा? त्या व्यापाऱ्याच्या इनबॉक्समध्ये रोज शेकड्यांनी पत्रे येतात आणि त्यांतल्या पुष्कळांवर 'अर्जंट' हा शब्द असतो. सगळेच जेव्हा ओरडतात, तेव्हा कोणाचेच ऐकू येत नाही. इंग्रजीत सबंध वाक्य मोठ्या लिपीतील अक्षरांत लिहिले, तर तेही वाचणाऱ्याला ओरडल्यासारखे वाटते. आपल्या देवनागरीत मोठी आणि लहान अशी दोन प्रकारची अक्षरे नाहीत, म्हणून ही गोष्ट आपल्या लक्षात चटकन येत नाही.

मुलीने तो मजकूर पुसला आणि पुन्हा लिहावयास घेतले. पत्र अर्थात इंग्रजीत होते. मराठीत त्याचा आशय असा:

"विषय : ७ फेब्रुवारीची रवानगी, दोनऐवजी एक कंटेनर.

ठरल्याप्रमाणे ७ फेब्रुवारीस आमच्याकडून दोन कंटेनर निघावयाचे होते. मंगळवारी रात्री अवकाळी पावसाने आमच्या दोन प्लॉटवरील मणी तडकले. तो माल आपणाकडे पाठविण्याजोगा नाही. म्हणून त्या दिवशी एकच कंटेनर निघेल. दुसरा १८ फेब्रुवारीपूर्वी देता येणार नाही. १८ तारखेचा माल आपणास चालेल किंवा त्याची मागणी रद्द करावी, हे कृपया शुक्रवारपर्यंत कळवावे. बागेची छायाचित्रे आणि उरलेल्या प्लॉटचा तपासणी अहवाल सोबत जोडला आहे. आपली गैरसोय होत आहे, याबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

दोन्ही पत्रांत बातमी एकच आहे, पण दुसऱ्या पत्रातील विषयाची ओळ वाचताच निम्मे काम होते. पत्र उघडण्यापूर्वीच ते कशाविषयी आहे, हे कळते. सहा महिन्यांनी शोधावयाचे झाले, तरी ते लगेच सापडते. वाईट बातमी आडवळणाने न येता दुसऱ्याच वाक्यात आली आहे. कारण एका वाक्यात सांगितले आहे. पावसाची सबंध कहाणी ऐकविलेली नाही. पुढे काय होईल, समोरच्याने काय ठरवावयाचे आणि कोणत्या दिवसापर्यंत, हेही सांगितले आहे. दिलगिरी शेवटी, आणि एकदाच. व्यापारी पत्रात दहा वेळा क्षमा मागणारा माणूस नम्र वाटत नाही, घाबरलेला वाटतो.

शिवाय त्या व्यापाऱ्याच्या हाती आता वेळ आहे. दक्षिण आफ्रिकेची द्राक्षेही याच महिन्यांत युरोपात उतरतात. हवे तर तो तिकडून माल मागवील आणि आपल्या दुकानदारांना दिलेला शब्द पाळील. उशिरा आलेल्या पत्राने हे त्याला करता आले नसते.

आता पत्राच्या इतर अंगांकडे वळू. प्रथम पाठविणाऱ्याचा पत्ता. मौजेसाठी पुष्कळ मुले ई-मेलच्या पत्त्यात 'लाडका राजा', 'तुफान' अशी नावे घेतात. मित्रमंडळीत ते शोभते. पण बारा टन द्राक्षांचा सौदा 'तुफान' या नावाशी करावयास कोणी सहसा धजणार नाही. कामाच्या पत्त्यात स्वतःचे किंवा आपल्या संस्थेचे सरळ नाव असावे.

मग मायना. 'डिअर सर' एवढे लिहिले म्हणजे भागले, असे अनेकांना वाटते. पण वाचणारी व्यक्ती स्त्री असली तर? नाव शोधून काढण्यास पाच मिनिटे लागतात आणि त्या पाच मिनिटांत समोरच्याला कळते की, हे पत्र खास आपणासाठी लिहिलेले आहे. पहिल्या पत्रात आडनावाने संबोधावे. उत्तराखाली समोरच्याने केवळ आपल्या नावाने सही केली, म्हणजे पुढच्या पत्रात आपणही ते नाव लिहावे. 'तीर्थरूप' आणि 'राजमान्य राजश्री' यांतील भेद जाणणाऱ्या मराठी माणसाला हे शिकवावे लागू नये.

पत्त्याखाली 'सीसी' अशी दोन अक्षरे असतात. त्यांचा अर्थ कार्बन प्रत. टंकलेखन यंत्राच्या काळात दोन कागदांमध्ये निळा-काळा कार्बन कागद घालीत, म्हणजे एका टंकलेखनात दोन प्रती निघत. कार्बन कागद गेला, त्याचे नाव मात्र राहिले. या जागी ज्यांचे नाव लिहाल, त्यांना पत्राची प्रत जाते, आणि ती गेली हे सर्वांना दिसते. म्हणून एखाद्याची चूक दाखवावयाची असेल, तर ती त्याच्या वरिष्ठांना आणि साऱ्या कार्यालयाला प्रत देऊन दाखवू नये. चावडीवर उभे राहून बोलावे आणि घरी येऊन बोलावे, यांत जो फरक आहे, तोच येथेही आहे. अशाच घाईत आलेल्या पत्राला 'सर्वांना उत्तर' देणारी कळ दाबली जाते, आणि एकाला लिहिलेला राग वीस जणांच्या वाचनात येतो. कागदाचे पत्र पेटीत टाकण्यासाठी कोपऱ्यापर्यंत चालत जावे लागे. तेवढ्यात राग निम्मा उतरे. ई-मेलमध्ये ही सोय नाही. रागाने लिहिलेले पत्र जपून ठेवावे आणि सकाळी पुन्हा वाचावे, हा उपाय अनुभवी कारकून सांगतात.

सोबत जोडावयाचा कागद हा विसरण्याचा विषय आहे. 'अहवाल जोडला आहे' असे लिहावयाचे आणि अहवाल जोडावयाचाच नाही, ही चूक मोठमोठ्या कार्यालयांत रोज होते. म्हणून चतुर माणूस आधी कागद जोडतो, मग मजकूर लिहितो आणि समोरच्याचा पत्ता सर्वांत शेवटी भरतो. पत्ता नसलेले पत्र चुकूनही जात नाही!

या जोडलेल्या कागदांचे मोल नाशिकच्या बागायतदारांनी २०१० साली फार मोठी किंमत देऊन जाणले. त्या हंगामात युरोपात पोहोचलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या रसायनाचा अंश आढळला. वेलीची वाढ आवरण्यासाठी हे रसायन वापरीत. युरोपच्या त्या वेळच्या नियमाने एक किलो द्राक्षांत त्याचा अंश एका मिलिग्रॅमच्या विसाव्या भागाहून अधिक असता कामा नव्हता. आपल्याकडे तपासावयाच्या रसायनांच्या यादीत त्याचे नावच नव्हते. माल परदेशी बंदरांत अडकला, व्यापाऱ्यांनी तो नाकारला आणि बागायतदारांचे अतोनात नुकसान झाले. पुढे ते नाव यादीत आले.

अशा वेळी परदेशातून प्रश्न येतात ते थेट असतात: ही पेटी कोणत्या प्लॉटची? त्यावर कोणती फवारणी केली, आणि कोणत्या तारखेस? तपासणी कोणत्या प्रयोगशाळेत झाली? २००६ पासून अपेडा या सरकारी संस्थेची 'ग्रेपनेट' नावाची व्यवस्था चालू आहे. तिच्यात निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंद होते, तिला क्रमांक मिळतो आणि त्या क्रमांकावरून पेटी कोठून आली, हे शोधता येते. ज्याची फवारणीची वही रोजच्या रोज भरलेली असते, तो दहा मिनिटांत उत्तर लिहितो. ज्याची वही कोरी असते, त्याला इंग्रजी कितीही उत्तम येत असले तरी त्याचे पत्र लांबत जाते, गोल गोल फिरते आणि वाचणाऱ्याच्या ते ध्यानात आल्यावाचून राहत नाही. पत्र टेबलावर लिहिले जाते खरे, पण त्याची तयारी बागेत होते.

पत्राच्या शेवटी सही. ई-मेलखाली लिहिणाऱ्याचे पूर्ण नाव, हुद्दा, संस्थेचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक असावा. काही जण त्याखाली फुलांची चित्रे आणि सुविचार घालतात. त्यांची तेथे गरज नसते. मात्र एक ओळ अनेक सावध व्यापारी मुद्दाम घालतात. त्याचे कारण असे: काही लबाड माणसे एखाद्या व्यापाऱ्याच्या पत्त्यातील एकच अक्षर बदलून तसाच दिसणारा पत्ता तयार करतात. मग त्या पत्त्यावरून गिऱ्हाईकाला लिहितात, "आमचे बँकेचे खाते बदलले आहे, या वेळचे पैसे नव्या खात्यात भरावेत." मायना तोच, सही तीच, भाषाही तीच. गिऱ्हाईक पैसे भरते आणि ते तिसऱ्याच्याच खिशात जातात. इकडे माल गेला, तिकडे पैसे गेले आणि दोन प्रामाणिक माणसे एकमेकांवर संशय घेत बसली! म्हणून ती ओळ असते: "खाते बदलल्याचे पत्र आल्यास आमच्या पूर्वीच्या दूरध्वनी क्रमांकावर विचारून खात्री करावी." मर्यादामुद्रेचे काम आज ही ओळ करते.

पिंपळगावच्या त्या कार्यालयात मुलीने मजकूर एकदा मोठ्याने वाचून दाखविला. नानांनी इंग्रजी पत्राचा मराठी अर्थ विचारला. 'पाठविण्याजोगा नाही' हे वाक्य ऐकून ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "हे असंच राहू दे." सकाळचे दहा वाजले होते. रॉटरडॅमला त्या वेळी पहाटेचे साडेपाच, कारण हिवाळ्यात तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. तिने पत्र पाठविले आणि पॅकहाऊसकडे गेली.

दुपारी दोनच्या सुमारास उत्तर आले. तीनच ओळी होत्या. लवकर कळविल्याबद्दल आभार. १८ तारखेचा कंटेनर चालेल. आणि त्या प्लॉटचा क्रमांक आधी कळवावा. खाली त्या व्यापाऱ्याने या वेळी आडनाव न लिहिता आपले नुसते नाव लिहिले होते.

"काय म्हणतो?" नानांनी विचारले.

"प्लॉटचा नंबर मागतो," ती म्हणाली आणि फवारणीची वही काढावयास उठली.